तट्टूच्या पोटातले व्रण

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते, पोटात चारा असो वा नसो. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. त्यामुळे माथेरानसारख्या ठिकाणी सवारीचे तट्टू तासन्‌तास वैरणीविना उभे राहिले, की जठराच्या वरच्या, संरक्षक थर नसलेल्या भागात व्रण पडण्याचा धोका वाढतो. रिकाम्या पोटी दौडताना आम्ल तिथवर उसळते. सवारीआधी थोडे सुके गवत द्यावे ते यासाठीच.

खुणा ठळक नसतात, आणि इथेच जनावरावर अन्याय होतो. तंग आवळताना कान मागे पाडणे, चावायला धावणे, चालायला नाखूश असणे ही खोडी समजून चाबूक उगारला जातो; ते दुखणे असू शकते. चंदी अर्धवट टाकणे, वजन घटणे, केसांची चमक जाणे, खाल्ल्यावर हलका पोटशूळ याही खुणाच. यांतली एकही खात्रीची नाही. दातदुखी किंवा नीट न बसणारे खोगीरही असेच वागायला लावते. पक्के निदान पशुवैद्य जठरात दुर्बीण घालून करतात. ओमेप्राझोल हे मुख्य औषध, पण मात्रा त्यांनीच ठरवावी. वेदनाशामके परस्पर देऊ नयेत. काहींमुळेच व्रण होतात. तट्टू वेदनेने लोळू लागले, तर पशुवैद्याला तत्काळ बोलवावे.