मैदानाचं भाडं कुणाच्या कामी यावं?

बचत गटाच्या बाया आज खेळाच्या मैदानावर बोलणार म्हटल्यावर रेडिओच्या ताईंनाही जरा नवल वाटलं. पण विषय पैशाचा आहे, आणि पैशाचा हिशोब आपल्याला कळत नाही असं आता कुणी म्हणू नये.

आमच्या तालुक्याच्या गावी क्रीडा संघाचं मैदान आहे. एका बाजूला बसायला पायऱ्या, भोवती भिंत, पाण्याची एक टाकी. म्हणायचं स्टेडियम. संघाचं वर्षाचं उत्पन्न म्हणजे सभासदांची वर्गणी आणि दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलचं भाडं. यंदा थंडीत मात्र एका मालिकेच्या शूटिंगवाल्यांनी हे मैदान तीन आठवडे भाड्याने घेतलं. वाई, मेणवलीमुळे आपल्या सातारा जिल्ह्याला शूटिंग नवं नाही, पण आमच्याकडे ते पहिल्यांदाच आलं. साडेतीन लाख रुपये संघाच्या खात्यात जमा झाले. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला पैसा.

तेव्हापासून जो तो सांगतोय. कमान बांधा आणि तिच्यावर देणगीदारांची नावं टाका. (देणगी कुणी दिली, ते विचारू नका.) मोठ्या बक्षिसांची कबड्डी स्पर्धा भरवा. मॅट घ्या. पगारी प्रशिक्षक नेमा. यातल्या दोन गोष्टी चांगल्याच आहेत. तरीही आमच्या गटाचं मत वेगळं पडलं.

कांद्याला एका वर्षी भाव आला म्हणून ट्रॅक्टरचे पाच वर्षांचे हप्ते अंगावर घेतले, आणि पुढच्या वर्षी कांदा रस्त्यावर ओतायची वेळ आली, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शूटिंगचा पैसाही तसाच. पुढच्या वर्षी येईल याची खात्री नाही. त्यावर दर महिन्याचा पगार बसवला तर वर्षा-दोन वर्षांत प्रशिक्षकाला घरी पाठवावं लागेल. कुणी म्हणेल, ठेव ठेवा आणि व्याजातून पगार द्या. आपण गटात व्याज काढतो, मग इथेही काढून पाहू. एक लाखाला सात टक्के धरले तरी महिन्याला सहाशे रुपये होत नाहीत. त्यात चुना येईल, एखादा चेंडू येईल. माणूस येणार नाही.

मॅटचं म्हणाल तर तिची गरज आहे. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मातीत तयार झालेल्या मुलींचे पाय तिथे घसरतात. पण मॅट ठेवायला छप्पर लागतं. ते नसताना घेतली तर उन्हाने आणि उंदरांनी दोन पावसाळ्यांत तिची वाट लागेल.

मग पैसा कुठे घालायचा? सगळ्यात आधी मैदानातच. भाडं आलं ते मैदान झिजवून आलं आहे. जनरेटरच्या गाड्यांनी धावपट्टीवर चाकोऱ्या पाडल्या. खो-खोचे खांब उपटून भिंतीला टेकवले, ते अजून तिथेच आहेत. सेट उभारताना ठोकलेले खिळे मातीत राहिले. खो-खोत पोरी पाटीवर गुडघे टेकून बसतात, कितीतरी अनवाणी पळतात. दोरीला मोठं लोहचुंबक बांधून मैदानभर ओढलं तरी बरेचसे खिळे निघतील. ते काम तर पैशाचंही नाही.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऑक्टोबर 2024 मध्ये दिलजीत दोसांझ यांच्या गाण्याचे कार्यक्रम झाले. त्यानंतर तिथे सराव करणाऱ्या एका धावपटूने व्हिडिओ टाकला. मैदानात कचरा पडलेला, सरावाचं सामान मोडलेलं. देशभर बोभाटा झाला. म्हणून पुढे कुणालाही मैदान देताना अनामत रक्कम घ्यावी, आधीचे आणि नंतरचे फोटो काढावेत, आणि मैदान होतं तसं करून द्यायचं हे करारात लिहून घ्यावं.

दुसरं काम मुलींचं, आणि आमचा खरा जीव यात अडकला आहे. मैदानावर मुलींसाठी मोरी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. शाळा सुटल्यावर सरावाला थांबणाऱ्या मुली दुपारपासून पाणी पीत नाहीत. का, ते आपल्याला सांगायला नको. पाळीच्या दिवसांत येतच नाहीत. सातवीपर्यंत वीस-पंचवीस मुली दिसतात, नववीत त्यातल्या चार उरतात. घरचे म्हणतात दहावीचा अभ्यास आहे. अभ्यास मुलांनाही असतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्यांची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. अंगात गुण असलेल्या पोरी आपल्या भागात आहेत. त्या नववीत घरी बसू नयेत एवढंच बघायचं आहे.

दोन शौचालयं, पाण्याचा नळ, कडी लागेल अशी एक खोली. आमच्या गटातल्या एकीचे मालक गवंडीकाम करतात. त्यांनी अंदाज काढून दिला तो दीड लाखाच्या आत आहे. खोली थोडी मोठी काढली तर उद्या मॅट तिथेच राहील. मैदानाची दुरुस्ती धरूनही पैसे उरतात. ते संघाच्या नावावर बँकेत राहू द्यावेत, पुढच्या वर्षी टाकी फुटली तर लागतील.

यातही एक बारीक गोष्ट आहे. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर हिशोबाची दरवर्षी तपासणी व्हावी लागते. आयकराची सवलत घेतली असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के संस्थेच्या कामाला लावावे लागतात. उरवायचे असतील तर कशासाठी ते ठरवून मुदतीत आयकर खात्याला कळवावं लागतं, आणि तसे पाच वर्षांपर्यंत राखता येतात. तेव्हा ‘बघू नंतर’ असं म्हणून पैसा नुसता ठेवता येत नाही. हे संघाच्या ऑडिटरला आत्ताच विचारलेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, आपलं तिथे ऐकतंय कोण? कार्यकारिणीत एकही बाई नाही हे खरं. पण आमच्या संघाच्या नियमात बाईने सभासद होऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही, आम्ही वाचून आलो. वर्गणी वर्षाला शंभर रुपये. आमच्यातल्या अकरा जणींनी ती भरली आणि पावत्या घेतल्या. तुमच्याकडे मैदान असेल, यात्रेला किंवा सभेला भाड्याने जात असेल, तर तुम्हीही नियम मागून बघा.

पाडव्यानंतर सर्वसाधारण सभा आहे. खर्चाचा ठराव आम्ही लेखी दिला आहे आणि पोच घेतली आहे. त्यात एक कलम शेवटी घातलं, त्यावर सचिव हसले. बांधलेल्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार? अध्यक्षांच्या घरी राहिली तर पोरींना ती संध्याकाळी साडेचारला मिळायची नाही. आम्ही लिहिलंय, एक किल्ली शाळेच्या खेळाच्या बाईंकडे आणि दुसरी मैदानासमोरच्या पिठाच्या गिरणीत.