भरणी हेही कामच आहे

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने टेंपोत सामान कसे भरावे यावर बोलावे, हे आपल्याला जरा चमत्कारिक वाटेल. पण ज्या प्रश्नाकडे मी वर्गात कधी वळलो नाही, तो मला पाटण तालुक्यातल्या एका तरुणाने शिकवला; म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

हा तरुण पुण्यात उंच इमारतींच्या काचा धुतो. रोज सकाळी टेंपोत पाण्याची टाकी, पंप, शिड्या, दोर आणि गच्चीवरून सोडलेल्या झुल्याला मागून तोलून धरणारी लोखंडी वजने चढवायची आणि निघायचे. एके दिवशी ही वजने शिड्यांवर रचली गेली. चालकाने ब्रेक दाबला, एक वजन घसरले आणि मागे बसलेल्या या तरुणाच्या घोट्यावर पडले. दोन महिने तो गावी पडून होता. भेटायला गेलो तेव्हा मीही शहाजोगपणे म्हणालो, "अरे, जड वस्तू खाली ठेवायला नको का?" तो म्हणाला, "सर, ते मलाही कळतं. पण आमची हजेरी इमारतीखाली पोचल्यावर लागते. भरणीचा वेळ कुणी धरत नाही. आधी उतरवायचं ते वर ठेवलं की काम उरकतं."

मी निरुत्तर झालो. चूक त्याच्या हाताची नव्हती. ज्या वेळेला मोलच नाही, त्या वेळेची ती चूक होती.

भरणीचे नियम काही गूढ नाहीत. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. सर्वांत जड वस्तू हौद्याच्या तळाशी, केबिनच्या भिंतीला भिडवून ठेवावी. डावी-उजवी बाजू समतोल राखावी. हलके सामान वर यावे. प्रत्येक जड वस्तू हौद्याच्या कड्यांना दोराने आवळावी, कारण गाडी थांबली तरी न बांधलेला माल थांबत नाही. वजन उचलताना गुडघ्यांत वाकावे, ओझे छातीशी धरावे, आणि ते हातात असताना कमरेत पीळ देऊ नये. पाण्याचा हिशेब तर सर्वांत सोपा: एक लिटर म्हणजे एक किलो. 500 लिटरची टाकी भरली की अर्धा टन झाला, आणि छोट्या टेंपोची वहनक्षमताच पाऊण टनाच्या आसपास. अर्धवट भरलेली टाकी त्याहून वाईट. वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला ओढते. म्हणून टाकी रिकामी न्यावी, पाणी कामाच्या जागी भरावे. आणि माणसे मालाबरोबर हौद्यात कधीही बसवू नयेत. 2018 च्या एप्रिलमध्ये खंबाटकी बोगद्यापुढच्या वळणावर मजुरांचा टेंपो उलटून 18 जण दगावले, हे सातारकर विसरलेले नाहीत.

परंतु हे नियम पाळायला अर्धा तास लागतो, उताराची फळी लागते, दोर लागतात, दुसरा माणूस लागतो. हा खर्च मालकाच्या वहीत दिसत नाही. तो कामगाराच्या मणक्यावर लिहिला जातो.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. माझ्या लहानपणी सांगलीच्या बाजारात हमालाच्या पाठीवर क्विंटलचे पोते असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोंहून अधिक असेल तर ती लवकरात लवकर तेवढ्यावर आणावी. पोते पुढे 50 किलोंवर आले, ते काही आपोआप नव्हे, डॉ. बाबा आढावांसारख्यांनी हमालांना संघटित करून वर्षानुवर्षे ती मागणी लावून धरली होती. तरीही 50 किलोंची 100 पोती चढवली की दिवसाकाठी 5 टन होतात, हे ध्यानात ठेवावे.

आणि 1969 चा माथाडी कायदा! ज्या अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी मुंबईत माथाड्यांची चळवळ उभारली, ते याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्या कायद्याने हमालाला मंडळाकडे नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, माल चढवणे-उतरवणे हे स्वतंत्र, मोल असलेले काम आहे, असे राज्याने मान्य केले. आज त्याच तालुक्यातला नातू काचा धुण्याच्या नोकरीत तेच काम फुकट करतो. कारण त्याच्या नेमणुकीत 'हमाल' हा शब्द नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपापल्या गावातील सफाई, मंडप, केटरिंग, बांधकाम अशा टेंपोवर चालणाऱ्या धंद्यांतील कामगारांना एकच प्रश्न विचारा: तुमची हजेरी कोठून सुरू होते? ती गाडीपाशी सुरू व्हावी, फळी आणि दोर मालकाने पुरवावेत, आणि गाडीत जागा नसेल तर माणसांसाठी वेगळे वाहन असावे, एवढी मागणी घेऊन त्यांना एकत्र आणा.

तो तरुण पुन्हा कामावर गेला आहे. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले आहे की, वजने तळाशी बांधल्याखेरीज गाडी हलू द्यायची नाही. उशिराबद्दल त्यांची हजेरी कापली गेली, तर त्यांच्यामागे कोण उभे राहणार, हा प्रश्न आता त्यांचा नाही, साथींनो. तो आपला आहे.