घरापासून दूर, पण कशासाठी?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या गुणवंतांचे स्मरण करावे, असा प्रघात आहे. तो योग्यच आहे. परंतु संयोजकांनी माझ्याकडे सोपविलेला विषय गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या मुलांचा आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला विशेष निवासी शाळेत पाठवावे काय, आणि पाठवायचे ठरलेच तर ती शाळा कशी पारखावी, असा हा प्रश्न आहे. विशेष शिक्षिका म्हणून काम करताना पालकांच्या तोंडून तो मी वारंवार ऐकते. विचारणाऱ्या आईच्या स्वरात बहुधा दोन गोष्टी असतात: मुलाची काळजी आणि आपण त्याला दूर लोटीत तर नाही ना, ही टोचणी.

प्रथम हे दुखणे काय आहे ते पाहू. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात तरबेज होता. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्या हातून अक्षरांची उलटापालट होई. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. सव्वाशे वर्षांनंतरही या वर्णनात फारसे काही बदलावे लागत नाही. बुद्धी शाबूत, दृष्टी शाबूत, कष्टांची तयारीही शाबूत. मात्र अक्षर आणि ध्वनी यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही. ती बसविण्यासाठी निराळ्या रीतीने, क्रमाने आणि दीर्घकाळ शिकवावे लागते.

आपली लिपी उच्चारानुसारी असल्यामुळे मराठी मुलांना हा त्रास होत नाही, असा एक समज आहे. त्रास होतो, त्याचे रूप तेवढे वेगळे असते. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. एकच ‘र’ ‘सूर्य’मध्ये माथ्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी जातो आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी तिसरेच रूप घेतो. दिल्लीतल्या मराठी मुलाची अडचण तर दुहेरी आहे. मराठीच्या तासाला ‘कवी’ दीर्घ लिहावा लागतो आणि पुढच्याच हिंदीच्या तासाला तोच ‘कवि’ ऱ्हस्व होतो. त्यानंतर इंग्रजी येते, तिची लिपीही वेगळी. इतर मुले या तीन भाषांतून सहज ये-जा करतात. हे मूल प्रत्येक उंबरठ्यावर अडखळते. मग घरी, शाळेत एकच निदान होते: लक्ष नाही.

म्हणून शाळा बदलण्याआधी खरे निदान हवे. डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मूल ज्या भाषांत वाचते त्या भाषांत त्याचे मूल्यमापन व्हावे. केवळ इंग्रजी चाचणीवरून मराठी माध्यमाच्या मुलाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. या बाबतीत आपण सुदैवी आहोत. आपल्या शेजारच्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला आणि २०१५ साली तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत उपलब्ध झाला. पहिली ते पाचवीच्या वर्गशिक्षकांना प्राथमिक चाळणी करता यावी, अशी साधने त्यात आहेत. सखोल मूल्यमापन मात्र तज्ज्ञानेच करावयाचे असते.

निदान झाले की निवासी शाळेचा विचार पुढे येतो. मुलाला विद्येसाठी घराबाहेर ठेवणे मराठी समाजाला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या वसतिगृहांनी खेड्यातल्या मुलाला जे दिले ते त्याच्या गावात मिळत नव्हते, म्हणून घर सोडण्याचे दुःख सार्थकी लागले. माझ्या मते हीच कसोटी आजही लावावी. आपल्या मुलाला तेथे असे काय मिळणार आहे, जे येथे मिळू शकत नाही? याचे उत्तर ‘शिस्त’, ‘थंड हवा’ किंवा ‘मोठे मैदान’ असेल, तर तो डिस्लेक्सियावरचा उपाय नव्हे.

‘तारे जमीं पर’ हा २००७ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या कथेतला मुलगा निवासी शाळेत जातो तो उपचारासाठी नव्हे, तर वडिलांचा धीर सुटला म्हणून. त्या शाळेलाही त्याच्या दुखण्याचे नाव ठाऊक नसते. घरून जाणे ही त्याला शिक्षा वाटते आणि तो मुका होत जातो. पुढे त्याला सावरतो तो एक जाणता शिक्षक. वसतिगृहाच्या भिंती नव्हेत. पालकांनी त्यातून एवढे घ्यावे, की मुलाला पाठवायचे असेल तर का पाठवीत आहोत ते त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत आधी सांगावे, शाळा पाहायला त्याला सोबत न्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे.

आता पारख कशी करावी? पहाडगंजच्या दारातल्या स्थानकावर सकाळी गाडीत बसले की दुपारी देहरादून येते. मसुरी तेथून पुढे घाटावर. पाचगणी दूर असली तरी आपल्या माणसांच्या मुलखात आहे. या सर्व ठिकाणी नावाजलेल्या निवासी शाळा आहेत. पण केवळ अशा मुलांसाठी चालविलेली शाळा वेगळी, आणि सर्वसाधारण शाळेत त्यांच्यासाठी असलेला साहाय्य विभाग वेगळा. ब्रिटनमध्ये १९८९ साली स्थापन झालेली ‘क्रेस्टेड’ ही संस्था शाळांची पाहणी करून नेमकी हीच वर्गवारी करी: संपूर्ण शाळाच विशेष आहे, की तिच्यात विशेष विभाग आहे, की केवळ वर्गातून बाहेर बोलावून काही तास दिले जातात. आपल्याकडे ही चौकशी पालकांनाच करावी लागते.

माहितीपत्रक मिटून ठेवावे आणि थेट विचारावे. माझ्या मुलाला वाचायला कोण शिकविणार? त्या शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे काय? आठवड्याला किती तास, एका वेळी किती मुले? ध्वनी, अक्षर, शब्द असा क्रम धरून, डोळे, कान आणि हात यांचा एकत्र उपयोग करून शिकविले जाते काय? प्रगती कशी मोजतात, आणि किती महिन्यांनी पालकांना दाखवितात? शक्य तर असा एक तास प्रत्यक्ष बसून पाहावा. जी शाळा सभागृह आणि तरणतलाव उत्साहाने दाखविते, पण वाचनाचा तास दाखवायला टाळाटाळ करते, तिच्याविषयी सावध राहावे.

मग उरलेल्या दिवसाकडे वळावे. इतिहासाच्या शिक्षकांना या मुलाची अडचण ठाऊक असते काय? त्याला सर्वांसमोर धडा वाचायला उभे करतात काय? शुद्धलेखनाच्या चुकांमुळे विज्ञानातले गुण कापतात काय? शाळा सुटल्यावर वसतिगृहात गृहपाठाला कोण बसवते? सूचनाफलक वाचता न आल्याने मुलाची फजिती होत असेल, सोबती चिडवीत असतील, तर ते कुणाच्या कानावर जाते? ज्याला पत्र लिहिणे हाच त्रास आहे, त्याला घरी फोनवर मोकळेपणाने, एकांतात बोलता येते काय? रात्री मुलांची जबाबदारी कोणाकडे असते, आणि तक्रार करायची झाल्यास कोणाकडे करायची? शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे; तरीही हा प्रश्न तोंडाने विचारण्यात संकोच मानू नये.

शेवटचा प्रश्न पालक सहसा विसरतात: मूल परत कधी येणार? मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनच्या ‘अनन्य’ या चेन्नईतल्या केंद्रात मुलाला काही काळ पूर्णवेळ शिकवून पुन्हा नेहमीच्या शाळेत पाठवितात. परतीची वाट डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही व्यवस्था मला आदर्श वाटते. निवासी शाळेतही आरंभीच ठरवावे, की दोन वर्षांनी काय साध्य झालेले असावे, आणि नंतर मूल कोणत्या मंडळाच्या, कोणत्या माध्यमाच्या वर्गात बसणार.

माध्यमाचा उल्लेख मी मुद्दाम केला. दूरच्या निवासी शाळेत शिक्षण बहुधा इंग्रजीतून होते आणि मराठी सुटते. घरी असतानाही ‘भाषांचा भार कमी करा’ असा सल्ला मिळतो आणि पहिली कुऱ्हाड मराठीवर पडते. परीक्षेपुरता भार कमी करण्यात गैर काही नाही. केंद्रीय मंडळ अशा मुलांना तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी एक तास अधिक देते, लेखनिकाची मुभा देते, दोन अनिवार्य भाषांपैकी एकीची सूटही देते. महाराष्ट्र शासनाने तर १९९६ सालीच सवलतींचा मार्ग मोकळा केला आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. या सवलती निःसंकोच घ्याव्यात. पण परीक्षेतून मराठी गेली म्हणून कानावरून जाऊ देऊ नये. ज्या मुलाला वाचणे अवघड आहे त्याला ऐकलेली भाषाच शब्द पुरविते. आजीने सांगितलेली गोष्ट, जेवताना झालेल्या गप्पा, गणपतीतली आरती ही त्याची खरी शब्दसंपत्ती. मूल वसतिगृहात असले तरी रविवारच्या फोनवर वडिलांनी त्याला मराठीत दोन पाने वाचून दाखवावीत. लेखनाची सूट मिळते. मायबोलीला सूट कशासाठी?

काही मुलांना निवासी शाळेचा खरोखर लाभ होतो. सतत बदल्या होणाऱ्या सरकारी नोकरांची मुले, गलाईच्या व्यवसायामुळे गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतली मुले, किंवा वर्षानुवर्षे हिणवले गेल्यामुळे जुन्या वर्गात पाऊलही टाकू न शकणारी मुले तेथे फुलू शकतात. आपल्यासारखी आणखी मुले आहेत, हे प्रथमच दिसल्याने त्यांच्या मनावरचे ओझे उतरते. अशा पालकांना कोणी निष्ठुर म्हणू नये. पण जवळच्या शाळेत शिकविणारे कोणी नाही, एवढ्याच कारणासाठी आठ-दहा वर्षांच्या मुलाला घर सोडावे लागत असेल, तर तो प्रश्न त्या कुटुंबाचा राहत नाही. तो आपला होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. ती लवकर ओळखून तिच्यावर उपाय योजावेत, असे त्याने शिक्षणसंस्थांना सांगितले. ४० टक्के वा अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात मान्य केला आहे. कायद्याने ‘शेजारची शाळा’ आधी म्हटली आहे, याकडे मी आपले लक्ष वेधते. ती शेजारची शाळा म्हणजे ही आपलीच वास्तू.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, महोत्सवानिमित्त आपण शाळेला काही देऊ इच्छिता. कमान बांधावी, कोनशिला बसवावी, हे स्वाभाविक आहे. माझी विनंती निराळी आहे. एका प्रशिक्षित विशेष शिक्षकाचे वेतन पाच वर्षे चालेल एवढा निधी उभारावा आणि पहिली ते पाचवीच्या सर्व शिक्षकांना प्राथमिक चाळणीचे प्रशिक्षण मिळवून द्यावे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक शांत खोली, वाळूची एक परात, अक्षरांचे ठोकळे आणि दररोज पाऊण तास लागतो. एवढे झाले तर पालकांपुढचा पर्याय खराखुरा पर्याय होईल. ज्यांना मुलाला निवासी शाळेत पाठवायचे आहे ते विचारपूर्वक पाठवतील, नाइलाजाने नव्हे. ज्यांना जवळ ठेवायचे आहे त्यांचे मूल संध्याकाळी घरी येईल आणि चार अक्षरे का होईना, स्वतः वाचून दाखवील.