जुनी रायफल आणि तिचा धनी

जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, हे आपल्याकडे वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. ४३६ बळी तिच्या नावावर होते. पण कॉर्बेटची म्हणून आज जी रायफल प्रसिद्ध आहे, तिने ती वाघीण मारलेली नाही. त्या दिवशी त्याच्याकडे .५०० बोअरची रायफल होती आणि मोजून तीन काडतुसं. ती संपली तेव्हा तहसीलदाराची जुनी बंदूक घेऊन त्याने शेवट केला. प्रसिद्ध रायफल आली ती नंतर, बक्षीस म्हणून. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती दिली आणि दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर कारण कोरून घेतलं. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, हलकी, सुबक रायफल. रुद्रप्रयागच्या बिबट्याला १९२६ मध्ये गाठलं ते हिनेच.

श्रोतेहो, आज बोलायचं आहे ते अशा जुन्या, मागणीनुसार घडवलेल्या शिकारी रायफलींविषयी. त्या जपणाऱ्यांविषयी आणि, इथे काहींच्या कपाळाला आठी पडेल, त्या अजूनही झाडणाऱ्यांविषयी. झाडायच्या त्या कागदी लक्ष्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही, आणि उरला नाही ते बरंच झालं.

मागणीनुसार म्हणजे कसं, तर शिंप्याकडे अंगरख्याचं माप द्यावं तसं. लंडनच्या दुकानात मापं घेण्यासाठी एक खास बंदूक असे. तिच्या दस्त्याला बिजागऱ्या आणि स्क्रू असत. तो लांब, आखूड, डावीउजवीकडे, वरखाली हवा तसा वळवता येई. गिऱ्हाइकाचा हात किती लांब, मान किती उंच, गालाचं हाड कुठे येतं, हे सगळं वहीत उतरे. मग अक्रोडाचं लाकूड निवडायचं. जिथे हाताची मूठ बसते तिथे रेषा सरळ हव्यात, नाहीतर धक्क्याने तडा जातो. मागच्या रुंद भागात मात्र ढगांसारखी नक्षी असली तर फारच छान. माप बरोबर असेल तर धन्याने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि उघडावेत, तर नेम समोर जुळलेला दिसावा.

खरी करामत दुनळी रायफलीत असते. दोन नळ्या शेजारीशेजारी डाखाने जोडलेल्या. पण नुसत्या समांतर जोडून भागत नाही. धक्का बसताना उजवी नळी उजवीकडे उसळते, डावी डावीकडे. म्हणून तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे झुकवाव्या लागतात. किती, हे गणिताने पुरतं ठरत नाही. कारागीर झाडून बघतो, तोंडाकडचा डाख तापवून सैल करतो, मधली बारीक पाचर सरकवतो, पुन्हा जोडतो, पुन्हा झाडतो. दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर जवळजवळ पडेपर्यंत हेच चालू.

आणि हा सगळा मेळ एकाच विशिष्ट काडतुसाशी जमवलेला असतो. गोळीचा वेग कमी पडला तर दोन नळ्यांच्या गोळ्या बाहेर फाकतात. वेग वाढला तर वाटेत एकमेकींना छेदून जातात. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट. ती उष्णतेने चेकाळते. म्हणून हिंदुस्थानासाठी थोडी कमी दारू भरलेली खास काडतुसं निघत. तेव्हा आपल्या संस्थानिकांनी मागवलेली रायफल विलायतेतल्या थंडीसाठी नव्हे, इथल्या वैशाखासाठी जुळवलेली असू शकते! सरकारचा हातही होताच. बंडखोरांच्या हाती लष्करी काडतुसं लागतील या भीतीने इंग्रजांनी .४५० बोअरवर इथे बंदी घातली, आणि .४६५, .४७० असे नवे बोअर जन्माला आले. रायफलीवरचा आकडासुद्धा इतिहास सांगतो तो असा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही काडतुसं बनणंच थांबलं. रायफली भिंतीवर गेल्या. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये ती 'कायनॉक' या जुन्याच नावाने पुन्हा निघू लागली, आणि हौशी मंडळींनी आजची दारू मोजूनमापून भरत जुना वेग शोधून काढला. घाई नाही. आधी नळीची तपासणी, मग एकेक गोळी, वेग मोजायचा, कागदावरची भोकं पाहायची. दोन्ही नळ्यांची भोकं जवळ आली की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने नेमकं काय योजलं होतं ते कळतं. काचेच्या कपाटात ठेवून हे कळायचा मार्ग नाही. म्हणून अशी रायफल झाडणाऱ्याला मी नासधूस करणारा म्हणणार नाही. न तपासता झाडणाऱ्याला मात्र जरूर म्हणेन.

आपल्याकडची अडचण वेगळी. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली, आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनांतच मोजायचं. मर्यादेमागचा हेतू मला पटतो. पण माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांची विलायती रायफल कारखान्यात पाठवून नळी बुजवून आणायची चर्चा चालली होती, तेव्हा मात्र पोटात कालवलं. नळी बुजवली की ते जुळवलेलं माप कायमचं गेलं. मागे नक्षीदार लाकूड उरतं. त्यापेक्षा रीतसर परवानाधारकाकडे किंवा संग्रहालयाकडे, सगळ्या कागदांसह, सोपवलेली बरी.

कागदांसह म्हणतो त्याला कारण आहे. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड यांच्या जुन्या विक्रीवह्या शिल्लक आहेत. रायफलीवरचा क्रमांक कळवला तर ती कोणासाठी, केव्हा, कोणत्या काडतुसाला जुळवून बनली हे बरेचदा सापडतं. क्रमांक हीच तिची जन्मपत्रिका. कॉर्बेटची रायफल त्याच्याबरोबर देश सोडून गेली, पुढे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली, आणि कितीतरी वर्षांनी रिग्बीकडे परतली. २०१६ मध्ये ती कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीत, कॉर्बेटने वसवलेल्या गावात, दाखवायला आणली होती. चांदीची ती पट्टी जागेवर होती म्हणून तिच्या ओळखीबद्दल वाद नव्हता. पट्टी नसलेल्या रायफलींना क्रमांकाचाच आधार.

ज्यांच्या घरी अशी वस्तू परवान्यावर आहे त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार झाडल्यावर नळीत राहतात, पावसाळ्यात ते ओल खेचतात आणि एका रात्रीत गंज धरतो. नुसत्या तेलाने क्षार निघत नाहीत. जुने शिकारी तंबूत परतल्यावर आधी आधण ठेवत, ते कढत पाणी मागच्या बाजूने नळीत ओतत, गरम नळी आपोआप वाळली की मग तेलाचं फडकं फिरवत. आणि चहा त्यानंतर.