वऱ्हाड : धनी एक, कारभारी दुसरा

मानोरा, पोहरादेवी, कारंजा, वाशीम हा आपला सारा मुलूख वऱ्हाडातला. या वऱ्हाडाने एकाच वेळी दोन सत्ता अनुभवल्या.

अठराव्या शतकात इथे दोअमली होती. हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले, दोघेही इथल्या महसुलाचे वाटेकरी. कुणबी एकच, मागणारे मात्र दोन! १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला.

पुढे इंग्रजांनी निजामासाठी ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे त्यांचे देणे थकले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देऊन तो कायमच्या पट्ट्याने घेतला. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. कापसाच्या या मुलखाचा साराच कारभार इंग्रज पाहत, पण कागदावर मालकी निजामाचीच.

१९३६ च्या कराराने तर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब मिळाला. इंग्लंडच्या राजाचे राज्य आणि निजामाचे सार्वभौमत्व एकाच मातीवर नांदले. या साऱ्या करारांत वऱ्हाडी माणसाला कुणी विचारले नाही. आपले मत सांगण्याचा हक्क प्रत्येक प्रौढाला स्वातंत्र्यानंतर मतपेटीने दिला. म्हणूनच आपल्या मताचे मोल आपण जाणले पाहिजे.