खोकला अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, माझी धाकटी जाऊ दीड महिना खोकत होती. कापूस वेचणी चालू होती ना, दवाखान्यात जाणार कधी? आम्ही आपला आल्याचा काढा देत राहिलो. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजनही उतरलं. शेवटी आशाताईंनी थुंकी तपासायला लावली. टीबी निघाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळाल्या, ६ महिने एकही चुकवली नाही. घरातली लेकरंही तपासून घ्यावी लागली.

साधा सर्दीखोकला बहुधा ८-१० दिवसांत कमी होतो. २ आठवडे झाले की थुंकी तपासाच. थुंकीत रक्त दिसलं, धाप लागली, तर त्याच दिवशी जा.

लहान बाळाचं वेगळं. श्वास भरभर चालतोय, छाती आत ओढली जातेय, दूध पीत नाही, तर न्यूमोनिया असू शकतो. सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.