चार फुटांची भिंत

कॅलिफोर्नियाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या अभियंता, वास्तुरचनाकार आणि कंत्राटदार बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपलं लॉस एंजेलिसमधल्या या परिषदेत मनापासून स्वागत करतो. लातूरहून एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांचं विशेष स्वागत. आपलं आणि या शहराचं एक दुःखाचं नातं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत भूकंपाने दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच 17 जानेवारी 1994 रोजी पहाटे साडेचारला या शहरातलं नॉर्थरिज हादरलं. इथली घरं हलक्या लाकडी सांगाड्याची. तरीही एका तिमजली अपार्टमेंटचा तळमजला वरच्या मजल्यांखाली चिरडला आणि 16 जण गेले. लाकडाच्या घरात भूकंपाची भीती नाही, या भरवशावर आपण सगळेच निर्धास्त होतो.

लाकडी सांगाडा कशाने टिकतो, ते एका साध्या पट्टीवरून पाहू. आपल्या महाराष्ट्रात सुतार दाराची चौकट आणतो, तेव्हा तिच्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी ठोकलेली असते. काटकोन सुटू नये म्हणून. चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत त्या पट्टीला हात लावायचा नाही, अशी माझ्या आजोबांची ताकीद असे. स्टडमध्ये, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडांत, खाच पाडून बसवलेली अशीच पट्टी अमेरिकेतल्या जुन्या घरांतही सापडते. कमी धोक्याच्या भागांत निवासी बांधकाम संहितेला ती आजही चालते. भूकंपाचा मोठा धोका असलेल्या कॅलिफोर्नियासारख्या भागात चालत नाही. इथे लागतं प्लायवूडचं किंवा ओएसबीचं (चिकटवून दाबलेल्या लाकडी चकत्यांचं) पॅनल: नेहमीच्या पद्धतीत किमान 4 फूट रुंद, दार-खिडकी नसलेलं. दोन पॅनलमध्ये 20 फुटांहून अधिक अंतर नको, आणि अशा भिंतींच्या दोन रांगांमध्ये सर्वसाधारणपणे 25 फुटांहून अधिक नको.

घरमालकाला बैठकीतून डोंगर दिसायला हवा असतो. मग 4 फुटांचे 3 करा, असा आग्रह होतो, आणि आपल्यातले काही जण मान डोलावतात. मला हे मान्य नाही. संहितेतले या मापांचे तक्ते लहान, सुटसुटीत घर आकडेमोडीशिवाय बांधता यावं म्हणून केलेले आहेत. घर त्यात बसत नसेल, तर खुशाल मोठी काच लावा. पण आधी भूकंपाच्या जोराचा हिशोब मांडा, तो जोर पायापर्यंत कसा उतरतो ते दाखवा आणि मग सही करा.

आणि खिळा! नॉर्थरिजनंतरच्या पाहणीत पॅनलमध्ये वाजवीपेक्षा खोल घुसलेले खिळे सापडले. नेलगनचा दाब जास्त ठेवला, की खिळ्याचं डोकं वरचा पापुद्रा फोडून आत जातं. हादरे बसले की ते पॅनलमधून आरपार निघतं आणि पॅनल सांगाड्यापासून सुटतं. कडेला दर 6 इंचांवर खिळा नकाशात दाखवलेला असतो, तपासणीत मोजलाही जातो. तो किती खोल गेला, हे वाकून पाहणारा मात्र विरळा. गिलावा चढला की ते कधीच दिसत नाही.

बाहेर अंगणात आमच्या कार्यकर्त्यांनी दोन सांगाडे उभे केले आहेत, एक तिरक्या पट्टीचा आणि एक पॅनलचा. जेवणाआधी दोन्ही हाताने ढकलून पाहा. पॅनलमधले काही खिळे मुद्दाम खोल ठोकले आहेत. बोट फिरवून ते शोधा. आता अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.